तोच पुएर, तोच ऊलाँग, पण मे महिन्यात सपाट आणि ऑगस्टमध्ये कुबट: दरवर्षीचा हा प्रॉब्लेम कसा सुटला

हा प्रॉब्लेम मला सलग तीन वर्षं आला आणि चहा पिणाऱ्या ओळखीच्या दोघातिघांनाही आला म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय. पुएर आणि ऊलाँग हे दोन्ही चिनी चहा, नुसत्या पाण्यात करायचे; पुएर युन्नान प्रांतातला, वर्षानुवर्षं मुरवायचा. माझ्याकडे शंग म्हणजे कच्च्या पुएरचा 357 ग्रॅमचा एक केक, म्हणजे दाबून केलेली पानांची चकती, आहे, 2007 चा, आणि वुयी डोंगरातला कोळशावर भाजलेला शुई शियेन ऊलाँग आहे. दोन्ही मी बरेच दिवस पितेय आणि दर वेळी वहीत लिहून ठेवते, किती ग्रॅम, किती सेकंद, वास कसा, घशात काय राहिलं. तर झालं असं की एकाच केकबद्दल डिसेंबरमध्ये मी लिहिलंय "सुकवलेलं जर्दाळू, जुनं लाकूड, घशात बराच वेळ गोडवा" आणि त्याच केकबद्दल मे महिन्यात "सपाट, रंग काळपट, मधेच तुटतो, बहुतेक केक संपला" आणि ऑगस्टमध्ये "ओल्या पोत्याचा वास, पिववत नाही". ऊलाँगचंही तसंच, मे मध्ये फुळकवणी आणि पावसाळ्यात आंबूस.

पहिली दोन वर्षं मी चहालाच दोष दिला. वाटलं स्टोरेज चुकलं, केक वाया गेला, अर्धा तर मी एका मैत्रिणीला देऊनही टाकला. मग एका मे महिन्यात दादरला ताईकडे गेले होते, सोबत 20 ग्रॅम शंग आणि माझं नेहमीचं 100 मिलीचं गायवान, म्हणजे चहा करायची झाकणाची वाटी, नेलं होतं, आणि तिच्या स्वयंपाकघरात तोच चहा डिसेंबरसारखा लागला. अगदी तसाच, जर्दाळूसकट. तेव्हा ट्यूब पेटली की चहाला काहीही झालेलं नाही, आमच्या पुण्याच्या सोसायटीत मार्चपासून टँकर सुरू होतात आणि ते बहुतेक बोअरचं पाणी असतं, तर ताईकडे तलावाचं पाणी येतं, भातसा, वैतरणा, तानसा या बाजूचं, म्हणजे मुळात पावसाचंच.

म्हणून सगळ्यात आधी पाणी बघा, बाकी सगळं नंतर. आपल्याकडे काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भरपूर असतं. दुधाच्या चहात ते फारसं कळत नाही कारण दूध, साखर, आलं सगळं झाकून टाकतं, पण नुसत्या पानात ते लगेच उघडं पडतं. बायकार्बोनेट चहातला आंबटसर टवटवीतपणा मारून टाकतं, रंग गडद करतं, आणि कॅल्शियममुळे वर एक पातळ तवंग येतो जो कप हलवला की भिंगासारखा तुटतो. हा तवंग म्हणजे पुएरचं "तेल" आहे असं मी एक वर्षभर समजत होते! तसं नाही. पाणी बदललं की तो जातो. चीनमध्ये आठव्या शतकात लु यूने चहासाठी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी सगळ्यात चांगलं, नदीचं मधलं आणि विहिरीचं सगळ्यात खालचं असं सांगितलं होतं, आणि टँकरचं पाणी पिऊन बघितल्यावर ते मला शब्दशः पटलं.

इथे बरेच जण म्हणतील आमच्याकडे आरओ आहे. माझ्याकडेही होता, म्हणूनच तर इतकी वर्षं लक्षात आलं नाही. बऱ्याच आरओ मशीनमध्ये एक टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं बिनगाळलेलं पाणी परत मिसळतो. हिवाळ्यात नळाचं पाणी आलं तेव्हा माझ्या मशीनमधून 40 टीडीएसच्या आसपास यायचं आणि टँकर सुरू झाला की त्याच मशीनमधून 170, कारण मिसळलं जाणारं पाणीच बदललं होतं. मशीन तेच, नळ तोच, त्यामुळे शंका येत नाही. टीडीएस मीटर काहीशे रुपयांना मिळतो, घ्याच. फक्त हे लक्षात ठेवा की मीटर एकूण क्षार किती ते सांगतो, कोणते ते नाही, मिठाचं पाणी आणि चुन्याचं पाणी त्याला सारखंच. त्यामुळे सोबत किटली बघायची, आत पांढरा पापुद्रा धरत असेल तर बायकार्बोनेटवालं पाणी आहे.

खात्री करायला सोपी टेस्ट: दोन सारखी वाडगी, प्रत्येकात 3 ग्रॅम तोच चहा, एकात घरचं पाणी, दुसऱ्यात लेबलवर बायकार्बोनेट कमी लिहिलंय असं बाटलीचं पाणी, दोन्हीला खळखळून आधण आणून 150-150 मिली ओतायचं आणि पाच मिनिटं झाकून ठेवायचं. घरच्या कुणाला तरी वाडगी बदलायला सांगा म्हणजे कुठली कुठली ते तुम्हाला माहीत नसेल. रंगात, तवंगात आणि वासात फरक दिसला तर उत्तर मिळालं, पुढचं वाचायची सुद्धा घाई नाही.

उपाय म्हणाल तर मी आता आरओचा तो कंट्रोलर बंद करून घेतलाय आणि आलेलं जवळपास क्षार नसलेलं पाणी थोड्या चांगल्या पाण्यात मिसळून 50 ते 80 टीडीएसच्या मधे आणते. नुसतं शून्याजवळचं पाणीही नको, त्यात ऊलाँगचा वास वर येतो पण अंग राहत नाही, चहा टोकदार आणि पातळ लागतो. मिसळायला काही नसेल तर टँकरचं पाणी दहा मिनिटं उकळून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी वरचं निवळून घ्यायचं, साका खाली राहतो, निम्मा त्रास तरी कमी होतो. क्लोरीनचा वास असेल तर उघड्या भांड्यात ठेवलं की उडून जातो. माठाबद्दल एकच सांगते, नवा माठ पाण्याला मातीचा वास देतो आणि पुएरमध्ये आपण नेमका तोच वास शोधत किंवा टाळत असतो, म्हणून चहा तपासायचा असेल त्या दिवशी माठाचं पाणी नको.

पाण्याच्या तापमानाचा लोक खूप बाऊ करतात. पुणे 560 मीटरवर आहे, इथे पाणी 98 अंशांना उकळतं, आणि खुद्द युन्नानची राजधानी कुनमिंग जवळपास 1,900 मीटरवर, तिथे 94 च्या आसपास. मुरलेल्या पुएरला आणि भाजलेल्या वुयीला उकळतंच पाणी लागतं, त्यात मला तरी दुसरा विचार नाही. प्रॉब्लेम किटलीत नसतो, थंड गायवानमध्ये असतो. पातळ चिनी मातीचं भांडं एसीच्या खोलीत असेल तर पहिली दोन ओतणी (त्याच पानावर परत परत पाणी ओतून काढलेला चहा) अशीच वाया जातात, म्हणून आधी भांडं गरम करा, पाणी फेका, मग पान टाका.

आता दुसरी गोष्ट जी मी चुकीची करत होते ती म्हणजे दोन वेगळ्या पद्धतींच्या नोंदींची एकमेकींशी तुलना. चव घेणं आणि चहा तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोंगफू या चिनी पद्धतीत 100 मिलीला 6-7 ग्रॅम पान, धुऊन घ्यायचं, मग पाच-दहा सेकंदांची ओतणी, यात हात चांगला असेल तर चहाचे दोष लपवता येतात, थोडं लवकर ओतलं की कडवटपणा आलाच नाही असं होतं. तपासायची पद्धत याच्या उलट आहे, तिथे चहाला लपायला जागाच द्यायची नाही. चीनच्या राष्ट्रीय स्टँडर्डमध्ये ऊलाँगसाठी 110 मिलीच्या झाकणाच्या वाटीत 5 ग्रॅम आणि तीन ओतणी, 2 मिनिटं, 3 मिनिटं, 5 मिनिटं, अशी पद्धत आहे, आणि आयएसओ 3103, जे 1980 मध्ये आलं, त्यात 100 मिलीला 2 ग्रॅम आणि 6 मिनिटं. पाच मिनिटं बसलेल्या ऊलाँगमध्ये भट्टी कच्ची राहिलीय का, पान करपलंय का, आंबूसपणा आहे का, सगळं बाहेर येतं. घरी दोन्ही करा पण वहीत वर लिहा कुठली पद्धत होती, नाहीतर मार्चमधलं गोंगफू आणि जूनमधली पाच मिनिटं शेजारी ठेवून "चहा बिघडला" असं होतं, माझं झालंय.

वजनाचंही तसंच. गोळी केलेला तिएगुआनयिन आणि लांब मोकळ्या पानांचा दानत्सोंग, हे दोन्ही ऊलाँगच, चमच्याने मोजला तर निम्मा-दुप्पट फरक पडतो. सोनार वापरतात तसला 0.1 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरे. आणि केक फोडताना कुठला भाग आला तेही लिहा, हे फार कमी जण करतात. केकच्या कडेचं पान सैल असतं, हवा खाल्लेलं असतं, मधल्या खळग्याजवळचं इतकं घट्ट दाबलेलं असतं की ते सावकाश मुरतं. त्यामुळे पहिले तीन महिने कडेचा चहा प्यायचा आणि मग मधला भाग लागला की तोच केक अचानक कडू, तरणा लागतो. आणि तळाला जमलेला चुरा तर वेगळाच ठेवा, चुरा सगळं एकदम सोडतो आणि दुसऱ्याच कपात घसा धरतो.

घसा धरतो यावरून आठवलं, आपल्याकडे यासाठी शब्द आयते आहेत आणि आपण उगाच इंग्रजी चार्ट वापरतो. कडू आणि तुरट यात आपल्याला लहानपणापासून गोंधळ नसतो. कारलं कडू, कच्चं केळं तुरट. चांगल्या शंगचा कडूपणा जिभेच्या मागे येतो आणि पाच-दहा सेकंदांत विरघळून गोड होतो, चिनी लोक त्याला हुई गान म्हणतात, आणि आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की ते गोड लागतं, अगदी तेच. तुरटपणा गालांना आतून आवळतो, तो जर सुटला आणि तोंडाला पाणी सुटलं तर चहा चांगला, नुसता आवळून बसला आणि घसा कोरडा पडला तर वाईट. या तुरटपणाशी ज्यांचा थेट संबंध आहे त्या कॅटेचिन द्रव्यांचं नाव मुळात आपल्या कातावरून पडलंय, विड्यात घालतो तो कात. ज्यांनी विडा खाल्लाय त्यांना कोवळ्या शंगची पहिली पकड समजावून सांगावी लागत नाही.

जिभेचा मुद्दा लहान आहे पण सोडू नका. ब्रश केल्यावर लगेच चव घेऊ नका, टूथपेस्टमधलं फेस आणणारं द्रव्य गोडवा दाबतं आणि कडूपणा वाढवतं. लसणीची चटणी, मिसळ, कच्चा कांदा यानंतर दोन तास तरी जाऊ द्या. घरात पूजा झाली असेल आणि उदबत्ती चालू असेल तर मी ऊलाँग काढतच नाही, कारण दानत्सोंगसारख्या चहाचं सगळं मोल वासात असतं. आणि चहा कोमट झाल्यावर परत एक घोट घ्याच, गरम असताना वास सगळं निभावून नेतो, दोष कोमट कपात दिसतात.

आता पावसाळा. पाणी सुधारल्यावर मे चा प्रॉब्लेम गेला पण ऑगस्टचा कुबटपणा तसाच होता, म्हणजे हा वेगळा रोग आहे. एक स्वस्तातला हायग्रोमीटर कपाटात ठेवला तेव्हा कळलं की एप्रिलच्या दुपारी 25 टक्के दमटपणा असलेलं तेच कपाट ऑगस्टमध्ये 85 च्या पुढे जातं. पुएरला साधारण 60 ते 70 च्या मधे बरं वाटतं. 25 टक्क्यांत तो झोपतो, वास बंद करतो, मरत नाही. 85 ला बुरशी धरायची भीती असते. मुंबई-कोकणात तर हे चार महिने चालतं. हाँगकाँगच्या व्यापाऱ्यांनी याच दमटपणाचा वापर केला, तळमजल्याच्या दमट गोदामात चहा ठेवून लवकर मुरवायचा आणि मग कोरड्या जागी हलवून वास जाऊ द्यायचा, पण ते लोक लक्ष ठेवणारे, ठरावीक वेळी हलवणारे होते. आपण जूनमध्ये डबा बंद करून गणपतीला उघडतो, त्याला मुरवणं म्हणत नाहीत.

माझा आत्ताचा उपाय असा, मे च्या शेवटी केक कागदासकट जाड झिपच्या पाऊचमध्ये, आत दोन्ही बाजूंनी काम करणारं 65 टक्क्यांचं ह्युमिडिटी पॅकेट, आणि ऑक्टोबरपर्यंत तो मोठा पाऊच उघडायचाच नाही. प्यायला लागणारा 40-50 ग्रॅम आधीच तोडून छोट्या मातीच्या बरणीत. ऊलाँग मात्र वेगळा. भाजलेला ऊलाँग काठोकाठ भरलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात, हवा जितकी कमी तितकं बरं, आणि हिरवट तिएगुआनयिन सीलबंद करून फ्रीजमध्ये, काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही नाहीतर पानावर पाणी धरतं.

कुठे ठेवता तेही बघा. माझ्या त्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात गोधड्या आणि डांबरगोळ्या होत्या. मी सहा महिने वहीत "कापराचा सुगंध, जुनेपणाची खूण" असं लिहीत होते कारण मुरलेल्या शंगमध्ये कापराचा वास येतो आणि तो चांगला मानतात हे वाचलं होतं. खऱ्या चहातला कापूर घोट गिळल्यावर नाकातून थंड होऊन येतो. डांबरगोळीचा वास कोरड्या केकला नाक लावलं की सगळ्यात आधी येतो आणि दोन-तीन ओतण्यांत धुऊन जातो. देवघर, मसाल्याचा कप्पा, चपलांचं कपाट, सगळीकडून लांब ठेवा.

एवढं सगळं बघूनही वास येत असेल तर मग चहाकडे वळा. शौ म्हणजे पिकवलेला पुएर नवा असेल तर सुकटीसारखा वास येऊ शकतो, तो ढिगाचा वास. ही पद्धत 1973 च्या सुमाराला कुनमिंगमध्ये बसवली गेली, ओल्या पानांचे ढीग करून दीड-दोन महिने आंबवायचं, आणि तो वास हवेत ठेवला की काही महिन्यांत उतरतो. सुकटीचा वास दोन वर्षांनीही तसाच असेल तर ढीगच बिघडला होता. दमट गोदामातला वास म्हणजे बंद पोटमाळ्याचा, ओल्या विटांचा, तो दोन वेळा धुतल्यावर मागे हटतो आणि खाली लाकूड, खजूर असं काही सापडतं, असा चहा सैल फोडून कापडाने झाकून कोरड्या दिवसांत दोन-तीन आठवडे ठेवला की सुधारतो. पण पाचव्या ओतण्यालाही नाकात टोचतं, जीभ बधिर होते, घसा खाजतो, तर हट्ट करू नका. केसाळ बुरशी, हिरवी, काळी, पिवळी, दिसली तर कितीही महागाचा असो, फेकून द्या. फक्त चीनच्या हुनान प्रांतातल्या फू विटेत, म्हणजे विटेसारख्या दाबलेल्या चहात, आत जे बारीक सोनेरी दाणे दिसतात ते मुद्दाम वाढवलेले असतात, ते रव्यासारखे दाणेदार असतात, केसाळ नाही.

चोथा बघायची सवय लावा, तो खोटं बोलत नाही. चांगला मुरलेला शंग भिजल्यावर तपकिरी आणि लवचीक होतो, पान बोटावर गुंडाळता येतं. दमटपणात जळलेलं पान काळं, कडक राहतं, दहा ओतणी झाली तरी उलगडत नाही, आणि चिमटीत दाबलं तर चिखल होतो. ऊलाँगमध्ये भाजणी जास्त झाली असेल तर पान कोळशासारखं गोळा होऊन बसतं.

आंबूस ऊलाँगचं शेवटी सांगते कारण हे अर्धंच सुटलंय. भाजणी आतपर्यंत पोचली नसेल किंवा नंतर ओल लागली असेल तर जुना ऊलाँग आंबट होतो. ओल लागलेला वाचवता येतो, 10 ग्रॅम पान पसरट भांड्यात पातळ पसरून ओव्हनमध्ये 80-90 अंशांना अर्धा तास, मधे दोनदा हलवायचं, आणि मग आठवडाभर डब्यात विसरून जायचं कारण ताज्या भाजणीचा वास सगळ्यावर बसतो. पूर्ण डबा एकदम भाजू नका. माझा शुई शियेन यातून बराचसा सावरला, या मे मध्ये 60 टीडीएसच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवला तेव्हा गरम कपात भाजलेलं धान्य आणि ओला दगड आला, कोमट कपात मात्र शेवटी थोडा आंबटपणा अजून आहे. पुढची 10 ग्रॅम 45 मिनिटं ठेवून बघणार आहे, बाकी काहीही न बदलता.